साळवे मॅडमचा गुरुवार

साळवे मॅडमसमोर 'खूप' हा शब्द काढून शाबूत परत आलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. आमचे प्राचार्यसुद्धा नाहीत. एकदा ते लॅबच्या दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, आज खूप उकडतंय." मॅडमनी मान वर न करता विचारलं, "किती?" प्राचार्यांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, खूपच. त्यावर मॅडम म्हणाल्या, "कशानं मोजलं?" प्राचार्य जे गेले ते त्या उन्हाळ्यात लॅबकडे फिरकले नाहीत, आणि पुढं कित्येक दिवस घामाचा रुमाल वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय धुवायला टाकत नसत, असं म्हणतात. म्हणजे मी म्हणतो. दुसरं कुणी म्हणत नाही.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज चाकणच्या अलीकडे, हायवेला लागून. पुढं कारखाने, मागं कारखाने, आणि मधल्या सापटीत आम्ही. मे महिना लागला की कॉलेज असं ओस पडायचं की कँटीनचा कुत्रासुद्धा गावी निघून जायचा. बाकीची पोरं कुणाच्या तरी मामाच्या वर्कशॉपमधून ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणायची आणि दोन महिने झोपायची. अशा ओसाडीत साळवे मॅडमनी उन्हाळी संशोधनाचा उपक्रम चालवला होता. तिसऱ्या वर्षाची सहा पोरं, आठ आठवडे आणि एक खरा प्रश्न. खरा म्हणजे ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं नाही, असा. ही अट नोटीस बोर्डावर वाचूनच निम्मा वर्ग घाम पुसत बसला. मी अर्ज केला तो लॅबला कूलर आहे असं ऐकून. कूलर होता. त्यात पाणी नव्हतं.

मॅडम पन्नाशीच्या. अंगानं काडी. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पोरांसारखे पांढरे स्पोर्ट्‌स शूज. पिंपरीहून स्कूटरवर यायच्या, हेल्मेट काढून टेबलावर उलटं ठेवायच्या आणि पर्समधल्या पिशवीतून हेल्मेटात भाजलेल्या शेंगा ओतायच्या. दिवसभर त्या हेल्मेटभोवती आमची घारींसारखी फेरी. पण शेंगा अशा मिळत नसत. आपली चूक आपण होऊन दाखवली, तर मूठभर मिळायच्या. बरोबर उत्तराला काही नाही. बरोबर उत्तर म्हणजे कामच, त्याचं काय कौतुक, असा त्यांचा हिशोब. पहिल्या आठवड्यात मी एवढ्या शेंगा खाल्ल्या की माझ्या वाटेवर टरफलांचा रस्ता पडला होता. दिन्या त्यावरून मला शोधत यायचा.

दिन्या माझा जोडीदार. पिंपळे गुरवच्या जुन्या घरातला. आजोबांनी जिथं ज्वारी काढली तिथं आता यांची चार मजली बिल्डिंग उभी होती. दिन्याचा आवाज असा की तो लॅबमध्ये हळू बोलला तरी चाकण चौकातल्या रिक्षावाल्यांनी बाजूला व्हावं.

इथं इंजिनिअरिंगच्या पोरांची एक विद्या सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात प्रयोग उलटा करतात. आधी उत्तर, मग रीडिंग. सिनिअरची जर्नल आणायची, शेवटचा आकडा पाहायचा, आणि तिथून उलट्या पावलांनी मागं मागं येत सगळ्या रकान्यांत आकडे पेरायचे. मधेच एखादा आकडा मुद्दाम थोडा वाकडा लिहायचा, म्हणजे खऱ्यासारखं दिसतं. या विद्येत मी एवढा तयार होतो की यंत्र लॅबमध्ये यायच्या आधीच माझी त्याची रीडिंग्ज लिहून तयार असत.

मॅडमना ही विद्या ठाऊक होती. म्हणून पहिला पूर्ण आठवडा त्यांनी आम्हाला एकाही यंत्राला हात लावू दिला नाही. पहिल्या दिवशी कँटीनमधून सहा कप चहा मागवला आणि सहा थर्मामीटर दिले. दर मिनिटाला तापमान लिहा, चहा गार होईपर्यंत. प्यायचा नाही. समोर वाफाळता चहा आणि पिता येत नाही, असा छळ कुठल्या राजानं कैद्यांचासुद्धा केला नसेल. अर्ध्या तासानं आम्ही आलेख दाखवले. दिन्याचा आलेख बघण्यासारखा होता, घसरगुंडीसारखा गुळगुळीत. मॅडमनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला.

"छान आहे," म्हणाल्या. "पण नवव्या मिनिटाला मी पंखा लावला होता. पाचही जणांचा चहा तिथं एकदम उतरला. तुझ्या कपाला वारा लागला नाही का रे?"

दिन्या म्हणाला, "मॅडम, माझा कप जरा आडोशाला व्हता."

त्यावर मॅडम हसल्या. रागावल्या नाहीत. फक्त सगळ्यांना एकेक जाड बांधीव वही दिली आणि नियम सांगितला. पेननं लिहायचं. पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि ज्याची चूक त्याची शेजारी सही. त्यांच्या स्वतःच्या वहीत अशा सह्या एवढ्या होत्या की लांबून ती वही चेकबुकासारखी वाटायची.

हे त्यांना आलं होतं वडिलांकडून. ते पिंपरीच्या एका फाउंड्रीत ओतकामाला होते. भट्टीतल्या लोखंडाचा रंग पाहून तापमान सांगायचे. मॅडमनी पुढं पीएच.डी. करताना वडिलांच्या अंदाजाशेजारी खरं मोजमाप ठेवून पाहिलं, तर ते बारा अंशांनी चुकायचे. ही गोष्ट मॅडम सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळायचा की लॅबमधली ट्यूबलाइट बंद केली तरी चालावं. "बारा अंश," म्हणायच्या. "नुसत्या डोळ्यानं. आणि रोज बाराच. कधी तेरा नाही, कधी अकरा नाही. अशी चूक करायला आयुष्य जातं."

त्यांचे कान मात्र वडिलांच्या डोळ्यांच्या वरताण. एकदा चाकणच्या चौकात ट्रॅफिक जाम होता. म्हणजे रोजचाच, पण त्या दिवशी असा की मागच्या गाड्यांची रांग नाशिकात शिरून बाहेर निघाली असावी. मी मॅडमच्या स्कूटरवर मागं बसलेलो. शेजारी एक ट्रक घरघरत उभा. तो चार हात पुढं सरकला तशा मॅडम स्कूटर माझ्या हवाली करून उतरल्या, डिकीतला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि ट्रक पुन्हा हलला तसं त्याचं टोक मागच्या चाकाच्या बाजूला टेकवून मूठ कानाला लावली. आणि तशाच ट्रकबरोबर चालायला लागल्या. ड्रायव्हर बीडकडचा होता. खिडकीतून वाकून म्हणाला, "ओ ताई, काय दुखतंय का गाडीचं?"

मॅडम म्हणाल्या, चाकाचं बेअरिंग जातंय, मोशीच्या पुढं गाडी नेऊ नका. ड्रायव्हर म्हणाला, पंधरा वर्षं झाली गाडी हाकतोय, मला माझ्या गाडीचं कळत न्हाई व्हय. आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच ड्रायव्हर कॉलेजच्या गेटवर हजर. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बेअरिंगचे तुकडे. स्कूटरवरचं कॉलेजचं स्टिकर लक्षात ठेवून, बाई कुठायत म्हणून विचारत आला आणि मॅडमच्या पायाच पडायला लागला. गाडी नाशिक फाट्यावर बसली होती. आम्ही सहा जणांनी टाळ्या वाजवल्या, वॉचमननं वाजवल्या, प्राचार्यांनी लांबून वाजवल्या. मॅडमचा चेहरा मात्र पडला होता. म्हणाल्या, "मी मोशी म्हटलं होतं. नाशिक फाटा नऊ किलोमीटर पुढं आहे." वही काढली, आदल्या दिवशी लिहिलेल्या 'मोशी'वर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली. ते तुकडे मात्र त्यांनी ड्रायव्हरकडून मागून घेतले.

आमचा खरा प्रश्नही बेअरिंगचाच होता. दोन प्रकारच्या ग्रीसपैकी कुठल्या ग्रीसमध्ये बेअरिंग जास्त टिकतं. लॅबमध्ये एक चाचणीयंत्र होतं. सकाळी आठला चालू करायचं, संध्याकाळी सहाला बंद, आणि दर तासाला यंत्राच्या वहीत बेअरिंगचा ताप आणि थरथर लिहायची. डॉक्टर पेशंट जगावा म्हणून ताप बघतो, आम्ही तो कधी जातो हे कळावं म्हणून बघायचो. शेवटच्या शनिवारी चाकणच्या एका मोठ्या कंपनीचे पाहुणे येणार होते. त्यांना काम पटलं, तर पुढची पाच वर्षं दर उन्हाळ्यात उपक्रमाला त्यांची साथ, नवं यंत्र, आणि पोरांना त्यांच्या स्वतःच्या लॅबचं दार उघडं. मॅडम चार वर्षं या एका भेटीच्या मागं होत्या. पाहुण्यांचा होकार आला त्या दिवशी त्यांनी अख्खं हेल्मेट आमच्यापुढं सरकवलं. चूक न करता शेंगा मिळाल्या, तो एकच दिवस.

आणि मग आला त्या शनिवारच्या आधीचा गुरुवार.

आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी आणि वीजवाल्यांच्या दुरुस्तीचा वार. दर गुरुवारी लाइट जातेच असं नाही. पण दिवसभर जायची तर गुरुवारीच जाते, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत. त्या गुरुवारी मॅडमच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच मॅडम येणार नव्हत्या. यंत्र त्यांनी माझ्यावर आणि दिन्यावर सोपवलं. बाकी चौघांना सुट्टी.

आणि दिन्याच्या चुलतबहिणीचं लग्न त्याच दिवशी, पिंपळे गुरवला.

आम्ही आठला यंत्र चालू केलं, आठचं रीडिंग लिहिलं. मी जरा घुटमळलो. दिन्या म्हणाला, "आरं, काल एकसष्ट, परवा एकसष्ट, उद्या बी एकसष्टच. मधी काय बर्फ पडणार हाय का? वही घे बरोबर."

वही मी बरोबर घेतली. मांडवात जेवणाच्या पंगती, डीजेचा असा दणका की नवऱ्या मुलाचा फेटा आपोआप फिरत होता, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून दर तासाचं रीडिंग लिहीत होतो. नऊ, दहा, अकरा. एकसष्ट पॉइंट दोन, एकसष्ट पॉइंट चार. दुपारी दोनला मुद्दाम जरासा वाकडा आकडा टाकला. अक्षर मी कधी काढलं नव्हतं इतकं सुंदर काढलं. सहाला वॉचमनला फोन करून यंत्राचं लाल बटण दाबायला सांगितलं. त्यानं दाबलं. यंत्र आधीच बंद होतं हे त्यानं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी गेटवरच्या टपरीवर चहा घेताना टपरीवाला म्हणाला, "काल लई हाल झाले राव. नऊ ते पाच लाइट न्हाई." पिंपळे गुरवात वीज होती, इकडं कॉलेजपासून चाकणपर्यंत सगळं बंद. माझ्या हातातला चहा जिथल्या तिथं गोठला. दिन्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "तोंड उघडायचं न्हाई. उद्याचा एक दिवस."

मॅडम आल्या. वडिलांचा डोळा ठीक आहे म्हणाल्या. वही उघडली, गुरुवारचं पान वाचलं, वही मिटली. मग आम्हा सहा जणांकडं बघून विचारलं, "वहीत कुणाची काही दुरुस्ती राहिलीय का?" आम्ही माना हलवल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच विचारलं. पाच वाजता, हेल्मेट हातात घेऊन दारात उभ्या राहून, पुन्हा. आम्हाला वाटलं, उद्याच्या कार्यक्रमाची धाकधूक. आम्ही म्हणालो, नाही मॅडम, सगळं तयार आहे.

शनिवारी पाहुणे आले. तिघं जण. प्राचार्यांनी पुष्पगुच्छ असे आणले होते की त्यांच्यामागं प्राचार्य दिसेनात. बोलायला मला उभं केलं, कारण सहा जणांत तोंड मलाच होतं. मी आलेख दाखवले. मुख्य पाहुणे चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "इतके आठवडे, आणि मधे एकही खंड नाही. आमच्या लोकांना हे जमत नाही." त्यांच्या कंपनीत जनरेटर. त्यांना गुरुवार आणि शुक्रवार सारखेच. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं, येणारही नव्हतं. मी खाली मान घालून कौतुक घेत होतो.

मॅडम उठल्या. टेबलावरून वही घेतली, गुरुवारचं पान उघडून पाहुण्यांपुढं ठेवलं.

"हे पान खोटं आहे," म्हणाल्या. "गुरुवारी इथं नऊ ते पाच वीज नव्हती. यंत्र थांबलं होतं, बेअरिंग थंड झालं होतं."

खोलीत अशी सामसूम झाली की हायवेवरच्या ट्रकांनीही इंजिनं बंद केली असावीत. पाहुणे भले होते. म्हणाले, "असू द्या हो मॅडम. एका दिवसानं असा किती फरक पडतो?"

"ते मोजलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून सांगता येत नाही."

एका पाहुण्यानं विचारलं, हे लिहिलंय कुणी. मी तोंड उघडलं, शपथेवर सांगतो, उघडलं होतं. साऱ्या चाकणला पुरून उरेल एवढं माझं तोंड, आणि त्या दिवशी त्यातून माशीएवढा आवाज निघाला नाही. मॅडमनी माझ्याकडं पाहिलंही नाही. पेन काढलं, माझ्या त्या सुंदर अक्षरावर वरपासून खालपर्यंत एकेक आडवी रेघ मारत गेल्या, आणि शेजारी स्वतःची सही केली.

"लॅब माझी आहे," म्हणाल्या. "चूक माझी."

पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले. कळवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात नोटीस बोर्डावर ती नोटीस लागली नाही. यंत्र हलवून तिथं सेमिनार हॉल केला, कूलरला पाणी आलं. मॅडम आणखी एक वर्ष शिकवत होत्या. मग त्या कॉलेज सोडून गेल्याचं कुणीतरी सांगितलं, कुठं गेल्या ते कुणाला माहीत नव्हतं. मी चाकणला एका कंपनीत टेस्टिंगला लागलो. माझी आकड्यांची विद्या तिथं सोन्याच्या भावानं गेली असती. पण पेन हातात धरलं की ती दुसऱ्याची सही दिसते. मे महिना लागला की उगाच भाजलेल्या शेंगा घ्याव्याशा वाटतात. घेतो, आणि खाववत नाहीत. लोक बालपण आठवून हळवे होतात. मला आठवतात पाणी नसलेल्या कूलरसमोरचे ते आठ आठवडे, साडेसात म्हणू हवं तर. तेवढे दिवस मी खऱ्या प्रश्नाजवळ होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, सकाळ. मोशीला इंद्रायणीच्या पुलावर माझी बाइक नेहमीसारखी अडकलेली. खाली सहज पाहिलं. नदीकाठच्या खडकावर चार मुली, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या शूजमधल्या साळवे मॅडम. केस पांढरे झालेले. हातातली दोरी पाण्यात सोडलेली, दोरीला बाटली. एक मुलगी वहीत लिहीत होती. मी बाइक पुलाच्या कडेला लावली. मागच्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो ऐकत खाली उतरलो.

त्यांनी मला ओळखलं. नाव घेऊन म्हणाल्या, "बरं झालं आलास, दोरी धर. हिचा हात थरथरतोय." मी दोरी धरली. कुठल्याशा कॉलेजच्या बी.एस्सी.च्या मुली होत्या. उपक्रमाला नाव नव्हतं, कॉलेज नव्हतं, पाहुणे नव्हते. घरच्या घरी, सुट्टीपुरतं. पाण्यात प्राणवायू कुठं संपतो ते शोधत होत्या.

बाटली भरेपर्यंत मला धीर आला.

"मॅडम, ते गुरुवारचं पान मी लिहिलं होतं."

"माहितेय की. अक्षर वाचता येतं मला."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

मॅडमनी बाटली वर ओढून घेतली, उजेडात धरली, झाकण लावलं.

"शुक्रवारी तीनदा विचारलं होतं," म्हणाल्या. "चौथ्यांदा विचारायला हवं होतं का, तेवढं मला अजून ठरवता आलेलं नाही."

मी म्हणालो, मॅडम, उद्या येऊ का. त्या म्हणाल्या, उद्या आम्ही इथं नसू, रोज जागा बदलते, नदीबरोबर खाली खाली जायचं असतं. मग त्या लिहिणाऱ्या मुलीकडं वळल्या. पुलावर माझ्या बाइकच्या नावानं हॉर्न सुरू झाले होते.

वर चढून मागं पाहिलं. त्या पाचही जणी पुढच्या खडकाकडं निघाल्या होत्या. मॅडम पुढं, साडीचा ओचा एका हातात वर धरलेला, दुसऱ्या हातात दोरीचं भेंडोळं, मागं ओळीनं चौघी. मधेच मॅडम थांबल्या, वळून काहीतरी म्हणाल्या. चौघी एकदम हसल्या, आणि हसता हसताच खाली बसून वहीत लिहायला लागल्या. काय म्हणाल्या ते ट्रकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.